नाटकाची रात्र आणि शेजाऱ्याची झोप

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या ज्या भूभागास परंपरेने झाडीपट्टी म्हणतात, तेथे हलक्या धानाची कापणी उरकून दिवाळी सरली, की गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, तारखा मुक्रर होतात, आणि मंडई असो वा पट असो, त्या दिवसाची रात्र नाटकाची असते, हे सांगण्याचीही कोणास गरज वाटत नाही. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या मातीत रुजलेली ही रंगभूमी कोणा राजाच्या आश्रयाने वा सरकारच्या अनुदानाने वाढलेली नसून, तिकीट काढून मांडवात बसणाऱ्या शेतकऱ्याने आणि शेतमजुराने ती पोसली आहे. वडसा येथे ठाण मांडून बसलेल्या नाट्यसंस्था हिवाळाभर या गावाहून त्या गावास पडदे, दिवे आणि नटसंच घेऊन फिरत असतात. आणि या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील पुष्कळांना तिच्या विस्ताराची प्रथमच जाणीव झाली.

परंतु ज्या रात्री हजारो माणसे मांडवात सुखाने जागतात, त्याच रात्री मांडवालगतच्या घरांतून काही माणसे अनिच्छेने जागत असतात, आणि त्यांचे म्हणणे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, जेथे जंगल, बोड्या आणि धानाच्या बांध्या एकमेकांत मिसळून गेल्या आहेत, तेथील एका गावातील दोन गृहस्थांचा संवाद मी पुढे देत आहे. त्यांपैकी एक सेवानिवृत्त शिक्षक असून त्यांचे घर आखराला, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानाला, लागून आहे; दुसरे त्यांचेच जुने विद्यार्थी, आज मध्यमवयीन शेतकरी आणि गावच्या नाट्यमंडळाचे सचिव. त्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही, कारण हे दोन्ही आवाज झाडीतल्या कोणत्याही गावात ऐकू येतील.

गुरुजी : बापू, तुमच्या मंडळाची वर्गणी मी यंदाही दिली आणि पुढेही देत राहीन, म्हणून आता जे बोलणार आहे ते नाटकाच्या द्वेषाने बोलतो असे समजू नकोस. मंडईच्या रात्री माझ्या घरामागच्या आखरावर दोन मांडव उभे होते, एक तुमचा आणि दुसरा वरच्या मोहल्ल्यातील मंडळाचा. आणि एकाचा संवाद दुसऱ्याच्या गाण्यात बुडू नये म्हणून तुम्ही कर्ण्यांचा आवाज वाढवलात, तो ऐकून त्यांनी आपला वाढवला, त्यावर पुन्हा तुम्ही, आणि ही चढाओढ पहाटेपर्यंत चालली. माझी आई ऐंशीच्या पुढची, दम्याची रोगी. नात दहावीच्या वर्षात. आणि शेजारच्या घरी दोघी बाया अशा, की ज्यांना उजाडताच जड धानाच्या कापणीला बांधीत उतरायचे होते. त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही झोप मिळाली नाही, आणि नाटकही ऐकता आले नाही, कारण दोन नाटके एकदम कानावर पडू लागली म्हणजे त्यांतले एकही ऐकू येत नाही.

बापू : गुरुजी, तुम्हाला त्रास झाला याचे मला मनापासून वाईट वाटते. पण वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्रींपैकी एखादी रात्र गावाने आपल्या आनंदासाठी मागितली, तर ती शेजारधर्म म्हणून देऊ नये काय? त्या रात्री सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, व्याही-जावई पंगतीला बसतात, उपवर मुलामुलींची गोष्ट निघते, आणि कित्येक सोयरिकी मांडवातल्या त्या गर्दीतच जुळतात. नाटक बंद पडले तर फक्त करमणूक बंद पडेल असे नाही. गावाला गाव भेटण्याचा जो एक दिवस आहे तोच बंद पडेल.

गुरुजी : ती एक रात्र असती तर मी तोंडही उघडले नसते. मंडईची रात्र झाली, की पटाची येते. आपली संपली, की शेजारच्या गावची सुरू होते. आणि हिवाळ्यात तिचा आवाज आपल्या गावापर्यंत पोचतो, याचे कारण मी शाळेत तुम्हाला शिकवले होते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा तुलनेने उबदार असते, म्हणून एरवी वर निघून गेला असता तो आवाज पुन्हा खाली वळतो, आणि कापलेल्या मोकळ्या बांध्यांवरून कोसभर दूरच्या घरात जाऊन शिरतो. पावसाळ्यात जे ऐकू आले नसते ते पौष महिन्यात स्पष्ट ऐकू येते. तेव्हा एका गावची एक रात्र, हा हिशेब मांडवात बसणाऱ्याच्या दृष्टीने खरा असला, तरी अंथरुणावर पडलेल्या रोग्याच्या दृष्टीने खरा नाही.

बापू : मग आम्ही करावे तरी काय? उघड्या रानात हजारो माणसे बसलेली असतात. आमच्या रंगमंचावर वरून दोऱ्यांनी टांगलेले माईक असतात, त्यांच्याखाली येऊन नट बोलतो. वादक समोर ऑर्गन, तबला घेऊन बसलेले असतात. आणि शेवटच्या रांगेत तणसावर बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला नाही, तर ती उठून ओरडते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाचे तिकीट काढते. आवाज ही आमची हौस नाही, गरज आहे.

गुरुजी : ऐकणाऱ्यापर्यंत शब्द पोचवणे ही गरज आहे, हे मान्य, पण न ऐकणाऱ्यावर तो लादणे ही गरज कशी? 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला. बोलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे, परंतु दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क त्यातून कोणाला मिळत नाही, आणि आपल्या घरात शांततेने राहणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य. त्याआधी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत ध्वनिवर्धकास मनाई केली आहे, निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवली आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून राखता येतात. ही तरतूद माझ्या आईसारख्यांसाठीच आहे.

बापू : नियम तुम्ही वाचला तसा मीही वाचला आहे, गुरुजी, कारण दरवर्षी ठाण्यात दरखास्त घेऊन मलाच जावे लागते. त्याच नियमात पुढे लिहिले आहे, की सभागृहासारख्या बंदिस्त जागेस रात्रीची ही मनाई लागू नाही. म्हणजे शहरातल्या माणसाने चार भिंतींच्या आत, गादीच्या खुर्चीवर बसून रात्री बारापर्यंत नाटक पाहिले तर ते कायदेशीर. आणि झाडीतल्या माणसाने तेच नाटक उघड्या आभाळाखाली, तणसावर बसून पाहिले तर तो गुन्हा. आमच्या तालुक्यात तसे नाट्यगृह कोणी बांधून दिले आहे काय? छप्पर नसण्याचा दंड आम्हीच का भरावा?

गुरुजी : हा तुझा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, ते शासनाने दिले पाहिजे. पण भिंतीला सूट मिळते ती का, याचाही विचार कर. भिंत आवाज आत ठेवते, म्हणून शेजाऱ्याला उपद्रव होत नाही. कायद्याचा रोख छपरावर नाही, शेजाऱ्याच्या कानावर आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचीच गोष्ट घे. भीमसेन जोशींनी 1953 साली तो सुरू केला. त्या उत्सवात रात्ररात्र गाणे चाले, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेस ऐकण्याची ती दुर्मीळ संधी असे. वेळेचे निर्बंध आले, तेव्हा संगीतरसिकांचे फार मोठे नुकसान झाले, तरीही उत्सवाने आपली वेळ बदलली आणि तो टिकला. कर्नाटकात यक्षगानाच्या काही मेळ्यांनीही रात्रभराचा खेळ आटोपशीर केला. त्यांना जे साधले ते आपल्याला का साधू नये?

बापू : कारण पुण्यात रात्री दहाला गाणे संपले, तर माणूस रिक्षात बसून घरी जातो. आमच्याकडे नाटक रात्रभर का चालते, हे तुम्ही मला विचारा. पूर्वी माणसे खाचरात नाहीतर रेंगीत बसून जंगलातून येत. मध्यरात्री परत जाणे म्हणजे जनावरांच्या वाटेवर जाणे, म्हणून खेळ उजाडेपर्यंत चालवायचा आणि सूर्य दिसला की बैल जुंपायचे. आज बैलांऐवजी मोटारसायकली आल्या. पण वाट तीच आहे, जंगल तेच आहे, आणि त्यात आता धुक्याची भर आहे. मी नाटक मध्यरात्री आटोपले, तर हजार मोटारसायकली अंधारात, धुक्यात, एकाच वेळी रस्त्यावर लोटतील. त्यांतला एखादा पिऊन असेल, एखाद्याच्या मागे दोन लेकरे बसलेली असतील. तुम्हाला शांत झोप देण्यासाठी मी त्यांना त्या वाटेवर सोडू काय?

गुरुजी : हे मात्र मला यापूर्वी कोणी सांगितले नव्हते, आणि ते खरे आहे. पण रस्त्याची गोष्ट तूच काढलीस म्हणून सांगतो. सध्या आधारभूत खरेदी केंद्राकडे धान घेऊन जाणारे ट्रॅक्टर याच रस्त्याने जातात आणि रात्री उशिरापर्यंत त्यांची रांग हटत नाही. त्या रात्री तुमच्या प्रेक्षकांनी दोन्ही कडांना गाड्या लावल्या, मध्ये एका बैलगाडीपुरती जागा उरली. आईचा दम वाढला असता आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागली असती, तर ती माझ्या दारापर्यंत येऊ शकली नसती. आवाज सहन करून माणूस जगतो. वाट बंद झाली तर जगेलच असे नाही.

बापू : यात चूक आमची आहे, आणि यावर मी वाद घालीत नाही. कापणी झालेल्या दोन बांध्या मालकाकडून मागून घेतल्या असत्या, तर सगळ्या गाड्या तेथे मावल्या असत्या. चार पोरे काठ्या घेऊन रस्त्यावर उभी केली असती, तर वाट मोकळी राहिली असती. आम्ही तिकिटाच्या दारावर माणसे ठेवतो, रस्त्यावर ठेवीत नाही, कारण रस्ता आपला नाही, सरकारचा आहे, अशी एक समजूत आहे.

गुरुजी : आणखी एक विचारतो. नाटक नऊला सुरू होईल असे दिवसभर ऑटोवरच्या भोंग्याने सांगत होतात. प्रत्यक्षात पडदा उघडला तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. मधल्या वेळात काय चालले होते?

बापू : उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार. फलकावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी तीस-चाळीस नावे असतात, आणि ज्याचे नाव आहे त्याला हार घालावा लागतो, दोन शब्द बोलू द्यावे लागतात. तुम्हाला हे निरर्थक वाटेल, पण त्यांच्या देणगीतूनच मांडवाचा खर्च निघतो. तिकिटाचे पैसे नाट्यसंस्थेच्या ठरलेल्या रकमेतच जातात.

गुरुजी : म्हणजे रात्रीचे जे पहिले प्रहर कायद्याने तुमचे आहेत, ज्यांत कोणाची झोप मोडत नाही, ते तुम्ही भाषणांना देता, आणि जे कायद्याने आमचे आहेत ते नाटकाला. बापू, नाटक सायंकाळी सहाला सुरू कर. देणगीदारांची नावे एका पाटीवर लिही आणि एकाच वेळी सर्वांचे आभार मान. मग मध्यरात्रीपर्यंत तुला सहा तास मिळतात, आणि सहा तासांत न मावणारे नाटक मी अद्याप पाहिलेले नाही.

बापू : सहाला बायका धुऱ्यावरून घरी येत असतात, गुरुजी, चूल पेटायची असते, पाहुण्यांची पंगत व्हायची असते. सातच्या आत कोणी मांडवात येणार नाही. पण सात मी कबूल करतो. तरीही मध्यरात्री माणसांना रस्त्यावर काढण्याचा प्रश्न राहतोच.

गुरुजी : त्यांना काढू नकोस. कर्णे बंद कर, माणसे बसू दे. मांडव तसाच ठेव, शेकोट्या पेटव, चहाची दुकाने चालू ठेव. झोपणारा झोपेल, गप्पा मारणारा गप्पा मारील, आणि उजाडले की सगळे आपापल्या वाटेने जातील. तुझी रात्र तुझ्याजवळ राहील आणि माझी झोप माझ्याजवळ.

बापू : हे होऊ शकते. मात्र मध्यरात्रीपर्यंतची परवानगी तरी कोठे आहे? नियमाप्रमाणे वर्षातले फार तर पंधरा दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस मोठ्या सणांतच संपतात. आमच्या मंडईची तारीख त्यात कधी नसते. मला मिळणारा परवाना दहापर्यंतचा असतो, आणि दहानंतर काय चालते ते ठाण्याला ठाऊक असते, तुम्हाला असते, मला असते. कोणी आले नाही तर नाटक पार पडते; कोणी आले तर मला हात जोडावे लागतात. पद्मश्री मिळालेल्या कलेचा सचिव म्हणून मी दर हिवाळ्यात हात जोडीत फिरतो, याचा मलाही वीट आला आहे.

संवाद येथे थांबला. त्यातून जे निष्पन्न होते ते माझ्या मते असे, की या दोघांमधील खरा विरोध नाटक आणि झोप यांच्यातील नाही. दोघेही मेहरबानीवर जगत आहेत, हे त्यांचे समान दुःख आहे. दहानंतर चालणारे नाटक ज्या दिवशी अधिकाऱ्याच्या दुर्लक्षावर अवलंबून राहते, त्या दिवशी नटाला आपल्या प्रयोगाची शाश्वती नसते, आणि शेजाऱ्यालाही दाद मागण्याची सोय नसते, कारण जे अधिकृतपणे चाललेलेच नाही त्याची मर्यादा कोण ठरवणार? कागदावर दहाला संपलेल्या नाटकाचा आवाज रात्री दोन वाजता किती असावा, याचा हुकूम काढता येत नाही. उलट जे उघडपणे, ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या रात्री चालते, त्याला अट घालता येते, ती मोडली तर जाब विचारता येतो, आणि पाळली तर अभय देता येते. मूकसंमतीत गुरुजींची आई सुरक्षित नाही आणि बापूंचे नाटकही नाही.

म्हणून झाडीतील नाट्यमंडळांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध अर्ज करण्याऐवजी एकत्रितपणे दोन मागण्या शासनापुढे मांडाव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिली, की सवलतीच्या दिवसांपैकी काही दिवस झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडई आणि पट यांच्या रात्रींसाठी राखून ठेवावेत, आणि गावाने कळवलेल्या तारखेस ते लागू व्हावेत. दुसरी, की नाटकांची दाटी जेथे अधिक आहे अशा तालुक्यांच्या ठिकाणी, वस्तीपासून दूर, वाहनांना प्रशस्त जागा असलेले बंदिस्त नाट्यगृह बांधावे, म्हणजे ज्या प्रयोगांना संपूर्ण रात्र हवी आहे त्यांना ती कायद्यानेच मिळेल. नाट्यगृहाने खेड्याचा मांडव संपेल अशी भीती काही कलावंतांना वाटते, आणि ती निराधार नाही. परंतु मंडईचा मांडव हा गावच्या पाहुणचाराचा भाग असल्याने तो आपल्या एका रात्रीपुरता राहील, आणि हंगामभराच्या व्यावसायिक प्रयोगांचा भार मात्र नाट्यगृहाकडे जाईल.

शासनाची वाट न पाहता करण्याजोगेही पुष्कळ आहे. एका गावात एका रात्री एकच मांडव असावा आणि मंडळांनी पाळीपाळीने वर्षे वाटून घ्यावीत, एवढा एक ठराव झाला तरी अर्धा आवाज कमी होईल, कारण तो नाटकाचा नसून स्पर्धेचा आवाज आहे. उंच खांबांवर गावाकडे तोंड केलेले मोठे कर्णे लावण्यापेक्षा लहान लहान ध्वनिवर्धक मांडवाच्या आत, प्रेक्षकांच्या रांगांमध्ये, जमिनीकडे झुकवून लावले, तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द ऐकू येतो आणि वस्तीकडे जाणारा आवाज पुष्कळ घटतो. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात शाळा आणि वसतिगृह यांच्या आसपास प्रयोग ठेवू नयेत. गाड्यांसाठी बांध्या आधीच ठरवाव्यात. आणि रुग्णवाहिकेची वाट सोडून मगच मांडवाची आखणी व्हावी. ज्याला आनंद घ्यायचा आहे त्यानेच त्या आनंदाची किंमत मोजावी आणि ती न मागणाऱ्या शेजाऱ्याच्या माथी मारू नये, हा न्याय नाटकालाही लागू आहे. आणि शेजाऱ्यानेही हे विसरू नये, की ज्या गावात माणसे एकत्र बसून रडत-हसत नाहीत, ते गाव शांत असले तरी सुखी असतेच असे नाही.

2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते, आणि तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली असते, मंडईच्या तारखा मात्र बहुधा ठरायच्या असतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर नाटकाची जागा, त्याची वेळ, कर्ण्यांची दिशा आणि गाड्यांची सोय हा एक विषय घालावा, त्यावर मांडवातल्या माणसाने आणि मांडवाशेजारच्या माणसाने सर्वांसमक्ष बोलावे, आणि जे ठरेल ते ठरावाच्या रूपाने ठाण्याकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे. हे काम कोणत्याही एका पक्षाने एकट्याने करण्याजोगे नाही. गुरुजी आणि बापू यांनी एकाच अर्जावर सह्या केल्या, तरच त्या अर्जाला वजन येईल.